दोन पेपरांच्या मधली सुट्टी

महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेमार्फत घेतली जाणारी शिष्यवृत्ती परीक्षा ही असंख्य मराठी घरांतील मुलांच्या आयुष्यातील पहिली मोठी परीक्षा होय. तोवर आपल्याच वर्गात, आपल्याच बाईंच्या देखरेखीखाली चाचण्या देत आलेले दहा-अकरा वर्षांचे मूल त्या दिवशी प्रथमच परक्या शाळेच्या आवारात शिरते, अनोळखी बाकावर आपला बैठक क्रमांक शोधते आणि अनोळखी पर्यवेक्षकांच्या हातून प्रश्नपत्रिका घेते. पूर्वी चौथी व सातवीला आणि 2016-17 पासून काही वर्षे पाचवी व आठवीला घेतल्या गेलेल्या या परीक्षेकडे मूल उत्सुकतेने पाहील की धास्तीने, हे त्याच्या बुद्धीपेक्षा त्याच्या भोवतालच्या वडीलधाऱ्यांच्या वागण्यावरच पुष्कळसे अवलंबून असते, अशी माझी दृढ समजूत आहे.

धास्तीचे मूळ बहुधा अज्ञानात असते, म्हणून परीक्षेचा आराखडा पालकांनी प्रथम स्वतः समजून घ्यावा आणि मग तो मुलासमोर मोकळेपणाने उलगडावा. या परीक्षेत दोन पेपर. पहिल्यात प्रथम भाषा व गणित, दुसऱ्यात इंग्रजी व बुद्धिमत्ता चाचणी. प्रत्येकात 75 प्रश्न, 150 गुण आणि दीड तासाची मुदत, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी 72 सेकंद. पात्रतेसाठी प्रत्येक पेपरात 40 टक्के गुण लागतात, प्रत्यक्ष शिष्यवृत्ती मात्र गुणानुक्रमे ठरावीक संख्येलाच मिळते. परंतु या साऱ्या तपशिलात मुलाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट, जी त्याला क्वचितच कोणी सांगते, ती अशी की प्रश्नपत्रिका काढतानाच सुमारे 30 टक्के प्रश्न सोपे, 40 टक्के मध्यम आणि 30 टक्के कठीण ठेवण्याचे धोरण असते. अडणारे प्रश्न येणार, ते अडावेत म्हणूनच घातलेले असणार, आणि ते अडले म्हणजे आपण मंद आहोत असा त्याचा अर्थ मुळीच नव्हे, हे ज्याला आधी ठाऊक आहे ते मूल विसाव्या प्रश्नापाशी थबकले तरी खचत नाही. तो प्रश्न तात्पुरता बाजूला ठेवून निश्चिंत मनाने पुढे जाते. मात्र प्रश्न सोडताना उत्तरपत्रिकेवरील त्याच्या वर्तुळांची ओळही सोडायची असते, नाहीतर एकविसाव्याचे उत्तर विसाव्यासमोर रंगवले जाते आणि पुढची सारी उत्तरे एकेका ओळीने सरकत जातात. ही चूक ज्ञानाची नसून सवयीची आहे आणि घरी दोन-चार कोऱ्या नमुना उत्तरपत्रिका भरून घेतल्या की ती सहसा होत नाही.

आता त्या मधल्या सुट्टीकडे येतो, कारण पुष्कळ घरांतील महिन्यांची मेहनत तेथे विनाकारण वाया जाते. पहिला पेपर संपल्याची घंटा होते, मुले फाटकाशी येतात आणि डबा उघडण्याआधीच प्रश्नांची सरबत्ती सुरू होते: ‘कसा गेला?’, ‘किती सोडवलेस?’, ‘अठ्ठेचाळीसावं उत्तर काय लिहिलंस?’ कोणी काका प्रश्नपत्रिका हातात घेऊन तेथेच हिशेब मांडू लागतात, शेजारच्या मुलाचे उत्तर निराळे निघते, आणि क्षणापूर्वी भुकेजलेल्या त्या मुलाचा घास घशात अडकतो. बदलता न येणाऱ्या उत्तराची चिंता घेऊन ते दुसऱ्या पेपरास बसते. काळजी ही मनाची जी तात्पुरती स्मरणशक्ती हिशेब करताना, आकृत्यांची तुलना करताना लागते, तिचाच काही भाग अडवून बसते, असे मानसशास्त्रज्ञ सांगतात. आणि बुद्धिमत्ता चाचणीत तर सारी भिस्त त्या शक्तीवरच असते. त्या सुट्टीत मुलाला पोटभर जेवू द्यावे, सावलीत बसू द्यावे, मित्रांशी खेळू द्यावे आणि पहिल्या पेपराची प्रश्नपत्रिका दप्तरात मिटून ठेवावी, एवढेच पालकांचे कर्तव्य आहे.

शाबासकीचाही विवेक हवा. क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1998 साली प्रसिद्ध केलेले प्रयोग पाचवीच्याच वयाच्या मुलांवर केलेले होते. कोडी सोडवल्यावर काही मुलांना ‘तू हुशार आहेस’ असे म्हटले, काहींना ‘तू मेहनत घेतलीस’ असे. नंतर सर्वांना मुद्दाम अवघड कोडी देऊन अपयशाचा अनुभव दिला आणि शेवटी पुन्हा पहिल्याइतकीच सोपी कोडी दिली. हुशारीची प्रशंसा झालेली मुले या खेपेस स्वतःच्याच पहिल्या कामगिरीहून मागे पडली, मेहनतीची प्रशंसा झालेली पुढे गेली. इतकेच नव्हे, तर आपले गुण परस्पर लिहून कळवायचे असता पहिल्या गटातील जवळजवळ 40 टक्के मुलांनी ते फुगवून लिहिले. ‘आमचा बाळ हुशारच आहे, पहिला येणार’ असे पाहुण्यांदेखत म्हणणाऱ्या मायाळू आजोबांनी हे अवश्य ध्यानात घ्यावे. ज्याच्या डोक्यावर हुशारीचा मुकुट ठेवला आहे, त्याला प्रत्येक अवघड प्रश्न तो मुकुट हिरावून घेणारा वाटू लागतो.

ज्या बुद्धिमत्ता चाचणीचा मुलांना एवढा धाक वाटतो, तिचा पूर्वेतिहासही सौम्य आहे. पॅरिसमध्ये 1905 साली आल्फ्रेड बिने यांनी तेओदोर सिमाँ यांच्या साहाय्याने पहिली कसोटी रचली, ती कोणत्या मुलांना अधिक साहाय्याची गरज आहे हे ओळखण्यासाठी. आणि बुद्धी ही जन्मतः ठरलेली, न वाढणारी राशी आहे हे मत बिने यांनी आवर्जून खोडून काढले. याच कसोट्या वि. वि. कामत यांनी मराठी व कन्नड मुलांसाठी अनुरूप करून घेतल्या.

सरावाबाबत थोडेसेच सांगतो. पुस्तक पुनःपुन्हा वाचण्यापेक्षा ते मिटून आठवून पाहिलेले अधिक काळ टिकते, हे रोडिगर व कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली दाखवून दिले. तेव्हा सरावपरीक्षा म्हणजे गुणांची झडती नव्हे, तर शिकण्याचीच एक रीत होय, असे मुलाला वाटले पाहिजे. म्हणून सरावाच्या कागदावर गुणांचा आकडा घालण्याऐवजी चुकलेल्या प्रश्नांपैकी एखादा घेऊन त्याच्याशी सावकाश बसावे.

परीक्षेच्या दिवशी संध्याकाळीही तेच करता येते. परिषद काही दिवसांनी अंतरिम उत्तरसूची जाहीर करते, तिच्यावर आक्षेप मागवते आणि ते ग्राह्य ठरल्यास उत्तरसूची दुरुस्त करते. तोवर घरच्या घरी निकाल लावण्याची घाई कशाला? त्याऐवजी मुलालाच विचारावे, आजच्या पेपरातला कोणता प्रश्न तुला सर्वांत गमतीदार वाटला? त्याने तो दाखवला की घड्याळाकडे न पाहता, कागद-पेन्सिल घेऊन, आईने अथवा बाबांनी तो त्याच्याबरोबर प्रथमपासून सोडवून पाहावा.