संगणकावर घराचा नकाशा : २६९ चौरस फुटांचा विचार

आमच्या वसतिगृहातील मुलामुलींपैकी पुष्कळांचे पालक बांधकामाच्या व्यवसायात आहेत. कोणी गवंडी आहेत, कोणी सेंट्रिंगचे काम करतात, कोणी फरशी बसवतात, तर कोणाच्या आया विटा आणि वाळू वाहतात. वाघोलीच्या दगडखाणींतील खडी पुण्याच्या कित्येक इमारतींत गेली आहे. २०२१ मध्ये वाघोली पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाली आणि नगर रस्त्याच्या दोन्ही अंगांनी गृहसंकुले अधिकच वेगाने उभी राहू लागली. दुसऱ्याचे घर नकाशाबरहुकूम बांधणाऱ्या या कष्टकऱ्यांचे गावाकडचे स्वतःचे घर मात्र बहुधा नकाशावाचूनच उभे राहते. जागेवर फक्की टाकली जाते, पावलांनी अंतर मोजले जाते आणि ठेकेदार म्हणेल तेथे दार बसते. घरात राहायला गेल्यावर समजते की दार उघडले तर खाट अडते, आणि चुलीपाशी दिवसाही दिवा लावावा लागतो.

हे टाळता येईल का, या प्रश्नातून आम्ही शाळेच्या संगणक कक्षात नववीच्या वर्गासाठी ‘आपले घर, आपला नकाशा’ हा उपक्रम सुरू केला. त्यातून आम्ही जे शिकलो ते पालकांपुढे आणि माजी विद्यार्थ्यांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

नकाशा कोणी काढावा?

घराचा नकाशा काढणे हे तज्ज्ञाचे काम आहे, त्यात आपण काय बोलावे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. या समजुतीची किंमत महाराष्ट्राने एकदा मोजलेली आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्या भागातील मुलांच्या शिक्षणाची सोय पुढे आमच्या याच वाघोलीत भारतीय जैन संघटनेच्या संकुलात झाली, त्यामुळे ती आठवण येथे आजही जवळची आहे. भूकंपानंतर अनेक गावे नव्या जागी वसवण्यात आली. नवी घरे भक्कम होती, रस्ते सरळ व आखीव होते. परंतु मधल्या चौकाभोवती, गोठा आणि धान्याच्या कणगीसह नांदणाऱ्या शेतकरी कुटुंबाला त्या आखीव घरांत जनावर कोठे बांधावे आणि कडबा कोठे रचावा, हे कळेना. याउलट, ज्या गावांत जुनी घरे जागेवरच दुरुस्त व मजबूत करण्याचे काम घरमालकांच्या हाती राहिले, तेथे घर कसे असावे याविषयी कुटुंबाला बोलता आले. भिंतीची मजबुती अभियंत्याने सांगावी. मात्र घरात कोण कोठे निजते, पाणी कोठून येते, आजी कोठे बसते हे घरच्यांनाच ठाऊक असते. त्यांना नकाशाची भाषा येत नसेल, तर ते ज्ञान कागदावर उतरतच नाही.

संगणकाने काय बदलले?

संगणकाच्या पडद्यावर रेघ ओढून आकृती काढण्याची कल्पना साठ वर्षांहून जुनी आहे. १९६३ मध्ये अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी ‘स्केचपॅड’ ही प्रणाली मांडली. १९८२ मध्ये ‘ऑटोकॅड’ आले आणि हळूहळू वास्तुविशारदांच्या कार्यालयांतील ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर आणि ट्रेसिंग पेपर मागे पडले. २००० मध्ये आलेल्या ‘स्केचअप’ने त्रिमितीय आकृती काढणे सामान्य माणसासाठी सोपे केले. आम्ही वर्गासाठी ‘स्वीट होम थ्रीडी’ हे सॉफ्टवेअर निवडले. ते विनामूल्य आहे, एकदा बसवल्यावर इंटरनेटवाचून चालते आणि साध्या संगणकावरही भागते. निवासी शाळेला याहून अधिक काय हवे?

त्याच्या पडद्याचे मुख्य भाग तीन. एका बाजूला दारे, खिडक्या, खाट, कपाट, ओटा अशा वस्तूंची यादी असते. वरच्या भागात वरून पाहिलेला नकाशा असतो, आणि खालच्या भागात तेच घर उभे दिसते. वर भिंत ओढली की खाली ती उभी राहते. इतकेच नव्हे, तर त्या घरात माणसाच्या उंचीवरून ‘फिरून’ही पाहता येते. कागदावरच्या दोन रेघा म्हणजे भिंत, हे ज्यांना कधी उमगले नव्हते त्या मुलांना ते या एका सोयीमुळे पहिल्याच तासात उमगले.

कामाचा क्रम

अनुभवाने आम्ही पाच पायऱ्यांचा क्रम ठरवला. पहिली पायरी संगणकाची नाहीच. ती मोजपट्टीची आहे. मुलांनी सुट्टीत घरी जाऊन जागेची लांबी, रुंदी आणि दोन्ही कर्ण मोजून आणायचे. जागा चौकोनी दिसली तरी कर्ण सारखे नसतील, तर ती काटकोनात नाही हे समजते. त्याच वेळी उत्तर दिशा, रस्ता, शेजारची भिंत, झाड आणि पाण्याचा नळ टिपून घ्यायचा.

दुसरी पायरी एककाची. गावात फूट चालतो, सरकारी नियमांत मीटर. सुरुवातीला एकच एकक ठरवले नाही, तर दहा फुटांची खोली दहा मीटरची होऊन बसते. ही चूक आमच्या वर्गात एकदा नव्हे, अनेकदा झाली.

तिसरी पायरी भिंतींची. भिंत ही रेघ नसून तिला जाडी असते. ती जाडी आधी सांगावी लागते, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे लहान घराचा सारा हिशेब या जाडीवरच अवलंबून असतो.

चौथी पायरी दारे-खिडक्यांची. दाराचे पान कोणत्या बाजूला उघडते हे नकाशात कमानीसारख्या रेघेने दिसते. त्या कमानीत दुसरी कोणतीही वस्तू येता कामा नये.

पाचवी पायरी सामानाची. यादीतली खाट तशीच उचलून ठेवायची नाही. घरातली खाट मोजायची आणि तिचेच माप द्यायचे.

२५ चौरस मीटरचा धडा

अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांसाठी राज्य शासनाची रमाई आवास योजना आहे. तिच्यातील घरकुलाचे क्षेत्रफळ २६९ चौरस फूट, म्हणजे २५ चौरस मीटर आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागातही स्वयंपाकाच्या जागेसह किमान २५ चौरस मीटर हेच माप धरलेले आहे. आमच्या अनेक विद्यार्थ्यांची घरे याच मापाची असल्याने वर्गाचा अभ्यासही याच मापावर बेतला. सोयीसाठी बाहेरच्या भिंतींच्या आत ५ मीटर बाय ५ मीटर जागा आहे, असे आम्ही मानले.

राष्ट्रीय बांधकाम संहितेतील नेहमीची किमान मापे मुलांनी फळ्यावर लिहिली. पहिली खोली ९.५ चौरस मीटर, दुसरी ७.५, स्वयंपाकघर ५ आणि एकत्रित न्हाणी-शौचालय २.८. बेरीज २४.८ झाली. वर्गात आनंद झाला, कारण सारे काही २५ मध्ये बसत होते! मग प्रत्येकाने ते पडद्यावर काढायला घेतले आणि कोणालाही ते बसवता येईना. फळ्यावरच्या बेरजेत भिंतींना जागाच दिलेली नव्हती. शिवाय क्षेत्रफळ पुरले तरी रुंदी पुरत नव्हती. पुढच्या भागात खोली आणि स्वयंपाकघर शेजारी-शेजारी मांडले, तर मागच्या खोलीला जेमतेम पावणेदोन मीटर रुंदी उरत होती, आणि संहितेला दुसऱ्या खोलीची रुंदी किमान २.१ मीटर हवी असते.

तीन-चार दिवसांच्या खटपटीनंतर वर्गाने एक तोड काढली. बैठक आणि स्वयंपाक यांच्यामधली भिंत काढून टाकायची. पुढे ५ मीटर बाय २.६५ मीटरची एकच मोठी जागा. तिच्या एका टोकाला ओटा. मागे ३.५८ बाय २.२३ मीटरची खोली आणि तिला लागून १.३० बाय २.२३ मीटरची न्हाणी. आतल्या भिंती चार इंची ब्लॉकच्या, दोन्ही बाजूंच्या प्लास्टरसह १२ सेंटीमीटर जाडीच्या. हिशेब असा झाला : पुढची जागा १३.२५, खोली ७.९८, न्हाणी २.९० आणि भिंती ०.८७ चौरस मीटर. एकूण बरोबर २५. ओटा न्हाणीकडच्या टोकाला ठेवल्याने दोन्हींचे नळ एकाच भिंतीवर आले आणि पाइपाचा खर्च वाचला. उजेड-वाऱ्यासाठी खिडकी खोलीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक-दशांश असावी, या हिशेबाने मागच्या खोलीला तीन फूट बाय तीन फुटांची एक खिडकी पुरते, तर पुढच्या जागेला तशा दोन लागतात.

हा नकाशा घरोघरी गेला तेव्हा खरी चर्चा सुरू झाली. एका घरी आजींचे म्हणणे पडले की न्हाणीचे दार परसात, बाहेरूनच हवे. घरात शौचालय त्यांना पटेना. नात म्हणाली, “आजी, रात्री पावसात कंदील घेऊन बाहेर कोणी जायचे? तू की मी?” अखेर दार मागच्या खोलीतून ठेवायचे, आणि ओट्याच्या बाजूची भिंत छतापर्यंत पूर्ण न्यायची असे ठरले. दुसऱ्या एका घरी वडील स्वतः गवंडी. त्यांनी मुलाचा नकाशा पाहून विचारले, “जिना कोठे? उद्या वर खोली चढवायची तर?” मुलाने याचा विचारच केला नव्हता. पडद्यावर भिंत सरकवायला पैसा लागत नाही. बांधलेली भिंत पाडायला मात्र पुन्हा मजुरी मोजावी लागते. हे भांडण पाया खोदण्यापूर्वी व्हावे, हाच नकाशाचा सर्वांत मोठा उपयोग होय.

सॉफ्टवेअरच्या मर्यादा

येथे सावधगिरीचा शब्द आवश्यक आहे. पडद्यावर उभे राहिलेले घर जमिनीवर उभे राहीलच, असे नाही. घर सजवून दाखवणारे सॉफ्टवेअर कॉलम, सळई, पाया यांचा हिशेब करत नाही. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतीला तडे पाडते. ही गोष्ट त्या सुंदर चित्रात कोठेच दिसत नाही. म्हणून मुलांचा नकाशा हा घरच्यांचे म्हणणे अभियंत्याला नीट सांगण्याचे साधन आहे. तो अभियंत्याची जागा घेऊ शकत नाही. तसेच तो बांधकामाचा परवानाही नव्हे. राज्यात २०२० पासून लागू असलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार सामासिक अंतरे, उंची, चटई क्षेत्र हे सारे तपासले जाते आणि नकाशावर परवानाधारक तज्ज्ञाची सही लागते. आता ही तपासणीही काही अंशी संगणकच करतो. पुण्यातच विकसित झालेली ‘ऑटोडीसीआर’ ही प्रणाली वास्तुविशारदाने दिलेला संगणकीय नकाशा वाचून तो नियमांत बसतो की नाही हे सांगते. लहान घरकुलांसाठी संहितेत काही सवलतीही आहेत. आमचा खुला ओटा त्यांत बसतो का, हे अभियंत्यालाच विचारावे.

नकाशा वाचणारा फसत नाही

या अभ्यासाचा एक लाभ आम्हांला अपेक्षित नव्हता. वाघोलीत सदनिका घेऊ पाहणाऱ्या काही पालकांनी मुलांपुढे जाहिरातीची पत्रके ठेवली. मुलांनी पत्रकातील नकाशा पार्श्वभूमीला घेतला, एका भिंतीचे छापील माप देऊन प्रमाण जुळवले आणि त्यावर घरातल्या खाटेचे व कपाटाचे खरे माप ठेवून पाहिले. चित्रातल्या खोलीत ऐसपैस दिसणारी खाट खऱ्या मापाने ठेवली, तेव्हा कपाटाचे दार उघडेना. स्थावर संपदा कायद्यानुसार चटई क्षेत्रात आतल्या भिंती मोजल्या जातात. बाहेरच्या भिंती, त्या सदनिकेची स्वतंत्र बाल्कनी आणि उघडी गच्ची मोजली जात नाही. एवढे एक वाक्य ठाऊक असलेला ग्राहक विक्री कार्यालयात निराळ्या आत्मविश्वासाने बसतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले, तेव्हा ग्रंथांसाठी जागा हा त्या घराचा प्रमुख विचार होता, हे आपण सारे जाणतो. आपल्या २६९ चौरस फुटांत ग्रंथालय मावणार नाही. परंतु वर्गातील जवळजवळ प्रत्येक नकाशात मागच्या खोलीच्या खिडकीखाली मुलांनी न सांगता एक वस्तू ठेवली होती : दोन फूट रुंदीची फळी आणि वर एक दिवा. ते त्यांचे अभ्यासाचे ठिकाण. घर बांधणाऱ्याने आधी विचारले नाही, तर ही फळी कधीच बसत नाही, कारण तेथे कपाट येते.

ज्या पालकांचे घरकुल मंजूर झाले आहे, त्यांनी फक्की टाकण्यापूर्वी जागेची मापे आणि दोन्ही कर्ण लिहून पालकभेटीच्या दिवशी संगणक कक्षात यावे, अशी आमची नम्र विनंती आहे. तुमची मुले नकाशा काढून देतील. त्यावर काय खोडायचे ते तुम्ही सांगा.