बर्फावरील एस्प्रेसो

उन्हाळ्यांत घरच्या घरीं थंड कॉफी करून पिण्याची हौस पुष्कळांस असते. परंतु बहुतेक ठिकाणीं त्या हौसेचा शेवट एकाच प्रकारें होतो. कढत कॉफी पेल्यांत ओततात, वर बर्फाचे चार खडे टाकतात, आणि पांच मिनिटांनीं पेल्यांत उरतें तें कॉफीच्या रंगाचें पाणी. दोष कधीं पुडीला दिला जातो, कधीं दुधाला, तर कधीं करणाराच्या हाताला. वस्तुतः चूक हिशेबाची असते, आणि तो हिशेब शाळेंतल्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकाबाहेरचा नाहीं.

एस्प्रेसो म्हणजे काय, हें प्रथम पाहिलें पाहिजे. बारीक दळलेल्या आणि दाबून बसविलेल्या कॉफीपुडींतून ९० ते ९६ अंश सेल्सिअसपर्यंत तापलेलें पाणी, हवेच्या दाबाच्या सुमारें नऊपट दाबानें, अर्ध्या मिनिटांत काढलें म्हणजे जो दाट अर्क मिळतो त्याला हें इटालियन नांव आहे. एका पेल्यास ७ ते ९ ग्रॅम पूड लागते, आणि अर्क भरतो जेमतेम ३० ग्रॅम. तुरीन येथील आंजेलो मोरियोंदो ह्यानें वाफेच्या जोरावर कॉफी करणाऱ्या यंत्राचें पेटंट १८८४ सालीं घेतलें, व मिलानच्या लुइजी बेझेरा ह्यानें आपलें १९०१ सालीं. पण आज जिला एस्प्रेसो म्हणतात ती, पिवळसर तपकिरी फेंसाची साय धरणारी कॉफी, १९४८ च्या सुमारास बाजारांत आलेल्या आकिल्ले गाज्जा ह्याच्या दांड्याच्या यंत्रानंतरची आहे. ह्या सायीशीं भारताचाही थोडा संबंध पोंचतो. दक्षिणेंतील मळ्यांत पिकणारी रोबस्टा जातीची कॉफी फेंस चांगला धरते, म्हणून इटालियन मिश्रणांत तिला मागणी असते, आणि भारतीय कॉफीच्या मोठ्या गिऱ्हाइकांत इटलीची गणना होते.

आतां हिशेब. एक ग्रॅम पाणी एक अंशानें थंड व्हावयाचें तर त्यांतून एक कॅलरी उष्णता निघावी लागते, आणि एस्प्रेसो झाली तरी बहुतांशी पाणीच. पेल्यांतील ३० ग्रॅम अर्क ७० अंशांवर असला, तर तो शून्यापर्यंत उतरविण्यास २१०० कॅलरी काढून घेतल्या पाहिजेत. ही उष्णता बर्फ घेतो, आणि ती घेतांना स्वतः वितळतो. बर्फ वितळण्याचा अप्रकट उष्मा ग्रॅमला ८० कॅलरी आहे. भागाकार केला म्हणजे २६ ग्रॅम बर्फाचें पाणी झालें! तीस ग्रॅम कॉफींत सव्वीस ग्रॅम पाणी! कमी बर्फ घातला म्हणजे पाणीही कमी होईल, ही समजूत म्हणूनच फसवी आहे. तसें केल्यास सारा बर्फ वितळून जातो आणि कॉफी मात्र कोमटच राहते. बर्फ भरपूर घालावा. उरलेला खडा कांहीं बिघडवीत नाहीं.

बर्फ कोणत्या स्थितींत घातला ह्यालाही महत्त्व आहे. रेफ्रिजरेटरच्या बर्फाच्या कप्प्यांतील खडा उणे १८ अंशांच्या आसपास असतो. वितळूं लागण्यापूर्वीं शून्यापर्यंत चढतांना तो ग्रॅममागें आणखी ९ कॅलरी घेतो. असे ६० ग्रॅम खडे वापरले तर ५४० कॅलरींचा परस्पर निकाल लागतो, आणि पाणी २६ च्या ऐवजीं १९-२० ग्रॅमच होतें. तेच खडे आधीं वाटींत काढून ओले होऊं दिले, तर हा फायदा तर जातोच, वर त्यांच्या अंगावरचें पाणी पेल्यांत येतें.

इटालियन लोकांनीं ह्या पाण्याला आपल्या सोईनें वळविलें आहे. त्यांच्या ‘शाकेरातो’ नांवाच्या पेयांत ताजी एस्प्रेसो, साखर आणि पुष्कळसा बर्फ बंद भांड्यांत घालून जोरानें हलवितात व गाळून उंच दांडीच्या पेल्यांत ओततात. बर्फाचें पाणी त्यांत असतेंच; पण हलविण्यानें हवा मिसळून दाट फेंस येतो, आणि जिभेला पातळपणा जाणवत नाहीं. देशाच्या दक्षिणेस, लेच्चे शहराच्या बाजूला, गोड बदामाचें दूध आणि बर्फ पेल्यांत घेऊन त्यावर एस्प्रेसो ओतण्याची चाल आहे. ग्रीस देशांत १९५७ सालीं थेस्सालोनिकीच्या प्रदर्शनांत जें ‘फ्राप्पे’ जन्मास आलें, तें झटपट विरघळणाऱ्या पुडीचें. पुढें १९९० नंतर तेथें खऱ्या एस्प्रेसोचें ‘फ्रेद्दो’ रूढ झालें. त्यांत दुहेरी अर्क घेऊन तो लहानशा विजेच्या रवीनें बर्फाबरोबर घुसळतात. दुहेरी अर्क कशासाठीं, हें वरील भागाकार पाहिल्यावर निराळें सांगावयास नको.

घरीं यंत्र नसलें तर? हजारों रुपयांचें यंत्र उन्हाळ्याच्या दोन महिन्यांसाठीं घेण्याची मुळींच गरज नाहीं. अल्फोन्सो बियालेत्ती ह्याच्या कारखान्यांतून १९३३ पासून प्रसार पावलेली ‘मोका’ नांवाची ॲल्युमिनियमची किटली थोड्या किमतींत मिळते. हिच्यांत दाब फार थोडा असतो. म्हणून मोकाची कॉफी ही काटेकोर अर्थानें एस्प्रेसो नव्हे, व ती तितकी दाटही नसते. ज्या घरांत दाक्षिणात्य पद्धतीचा पितळी किंवा स्टीलचा फिल्टर आहे, तेथें त्याचा पहिला अर्कही चालतो. मात्र पूड चिकोरी न मिसळलेली असावी. चिकोरीचा कडवट जडपणा गरम दुधांत खपून जातो, बर्फावर तो उघडा पडतो.

मोका वापरतांना पाणी खालच्या भांड्यांतील सुरक्षेच्या झडपेच्या वर जाऊं देऊं नये, आणि पूड दाबून बसवूं नये. कोंडलेली वाफ हा खेळ नव्हे. नळींतून प्रथम जी कॉफी येते ती सर्वांत दाट असते. अर्धी कॉफी वर आली कीं तेवढी निराळ्या भांड्यांत ओतून घ्यावी व तीच बर्फासाठीं वापरावी. मागाहून येणारी पातळ कॉफी गरम दुधांत खपते, वायां जात नाहीं.

ह्यानंतरची पायरी मात्र परदेशांतून आणावी लागत नाहीं. तान्ह्या मुलाचें कढत दूध निववावयाचें झालें म्हणजे घरांतील बायका परातींत गार पाणी घेऊन त्यांत भांडें ठेवतात व चमच्यानें दूध ढवळतात. कॉफीचेंही तसेंच करावें. साखर घालावयाची ती कॉफी कढत असतांनाच घालावी, कारण थंड झाल्यावर ती विरघळण्यास फार वेळ घेते. मग भांडें परातींत ठेवून दोन-तीन मिनिटें ढवळावें. मोकाची ६० ग्रॅम कॉफी ७० अंशांवरून शून्यावर आणावयास ५२ ग्रॅम बर्फ वितळला असता. परातींत ती ३५ अंशांवर आली, तर हें पाणी निम्मे, म्हणजे २६ ग्रॅम, होतें. मुळांतच कमी दाट असलेल्या कॉफीला ही निम्मी बचत फार मोलाची आहे. ह्याहून अधिक काटकसर करण्यासाठीं कॉफी रात्रभर रेफ्रिजरेटरमध्यें ठेवणारे लोक आहेत. त्यांचें पाणी वांचतें, पण ताज्या कॉफीचा वास त्यांस मिळत नाहीं. तेव्हां परात बरी.

निवलेली कॉफी फिरकीच्या झांकणाच्या बरणींत घालावी, कप्प्यांतून काढलेले कोरडे खडे ताबडतोब टाकावे, आणि बरणी फडक्यांत धरून पंधरा-वीस सेकंद जोरानें हलवावी. कढत कॉफी अशी कधींही हलवूं नये. कोंडलेली हवा तापून फुगते आणि झांकण उडून हात भाजतो. कढत कॉफी कांचेच्या पेल्यांतील बर्फावर एकदम ओतणेंही धोक्याचें. साधा पेला तडकतो.

दूध हवें असल्यास क्रम उलटा ठेवावा. पेल्यांत प्रथम बर्फ, त्यावर रेफ्रिजरेटरमधलें थंड दूध, आणि सर्वांत शेवटीं निवलेली कॉफी. येणारी उष्णता आधीं दूध वांटून घेतें, बर्फावर एकदम घाला पडत नाहीं. शिवाय बर्फाचें जें पाणी होतें तें चार-पांच पट द्रवांत पसरतें. ग्रीक पद्धतीचा थंड फेंस करावयाचा असेल तर साय काढलेलें दूध घ्यावें. तें अगदीं थंड असतांना घुसळल्यास जो फेंस धरतें, तो सायीच्या दुधाला साधत नाहीं.

राहिला बर्फ. बाजारांतली लादी पेयांत कदापि घालूं नये. ती पुष्कळदां मासळी आणि भाजी टिकविण्यासाठीं केलेली असते, आणि कोणत्या पाण्याची तें कोणी सांगत नाहीं. घरचें पिण्याचें पाणी उकळून, निववून त्याचाच बर्फ लावावा व त्याचें ताट झांकून ठेवावें, नाहीं तर शेजारच्या डब्यांतील चिरलेल्या कांद्याचा आणि लसणाच्या वाटणाचा वास बर्फ बिनबोभाट उचलतो, आणि पहिल्याच घोटाला तो कॉफींत उतरतो.