जुना प्रवास आता लिहायचा तर

मागच्या बैठकीत वसुलीचा हिशेब झाला, रजिस्टर बंद केलं आणि गोष्ट निघाली लुंबिनीची. गटातल्या काही जणी वीस-बावीस वर्षांपूर्वी नेपाळात जाऊन आल्या होत्या. मग लेकरं, धानाची रोवणी, सासूचं दुखणं. आता लेकरं हाताशी आली, तर परत निघायचं म्हणतात. आम्ही विचारलं, मागच्या वेळचं काही लिहून ठेवलंय का? उत्तर आलं, "आता का आठवते बाप्पा!" आणि त्यानंतर पाऊण तास त्याच सांगत होत्या, आम्ही ऐकत होतो.

म्हणून आजचा विषय हा. खूप वर्षांनी पुन्हा लांबच्या वाटेला लागलेली बाई आणि तिचं लिहिणं. इतक्या उशिरा लिहिलेलं खरं धरायचं का, असं पुष्कळ जणी विचारतात. आपल्या मराठीतच याचं उत्तर आहे.

पंडिता रमाबाईंचं नाव तुम्ही शाळेत ऐकलंय. १८५८ चा जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगत गावोगाव फिरत आणि सगळं बिऱ्हाड त्यांच्यामागे पायी. बैलगाडी नाही, रेल्वे नाही. दुष्काळात आईवडील गेले, पण भावाबरोबर चालणं सुटलं नाही. पुढे लग्न झालं आणि दोन वर्षांत नवरा वारला. १८८३ मध्ये लहानग्या मनोरमेला घेऊन त्या बोटीनं इंग्लंडला गेल्या. १८८६ मध्ये तिथून अमेरिकेला, आनंदीबाई जोशींचा डॉक्टरकीचा पदवीदान समारंभ बघायला. गेल्या एका समारंभासाठी आणि राहिल्या जवळजवळ तीन वर्षं. बोस्टनपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत फिरल्या, भाषणं दिली, विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा केला. १८८९ च्या फेब्रुवारीत जपान, हाँगकाँग करत मुंबईला उतरल्या आणि त्याच वर्षी त्यांचं पुस्तक छापून आलं, 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त'.

या पुस्तकात नुसते डोंगर आणि धबधबे नाहीत. तिथली घरं कशी, शाळा कशा, बायका कोणती कामं करतात, दारूबंदीसाठी झटणारी बायकांची संघटना कशी चालते, हे सगळं आहे. आमच्या मते ग्रामसंघाच्या बाईनं वाचावं असं ते पुस्तक आहे. सव्वाशे वर्षांपूर्वीची बाई परदेशात जाऊन काय बघते? तर बायका एकत्र आल्यावर काय करू शकतात, ते बघते.

मग नऊ वर्षं परदेश नाही. शाळा, मुली, आणि १८९६-९७ चा दुष्काळ. त्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात आल्या आणि उपासमारीत सापडलेल्या मुली-बायकांना सोबत घेऊन गेल्या. तेव्हा आपला भंडारा जिल्हाही मध्य प्रांतातच होता, हे ध्यानात ठेवा. अमेरिकेतल्या मंडळानं दहा वर्षं मदत द्यायचं कबूल केलं होतं, ती मुदत संपत आली. तेव्हा १८९८ मध्ये त्या पुन्हा अमेरिकेला गेल्या. पहिल्या वेळी नवं जग बघायला गेलेली बाई दुसऱ्या वेळी कामाचा हिशेब द्यायला आणि पुढची सोय लावायला गेली. या दुसऱ्या फेरीचं पहिलीसारखं प्रवासवृत्त आपल्या हाती नाही. घरी शेकडो जीव वाट बघत असताना लिहायला बसायचं कोणी? आपल्याला हे सांगायची गरज नाही.

पण लिहिणं संपलं नव्हतं. १९०७ मध्ये, वयाच्या पन्नाशीला टेकलेल्या रमाबाईंनी आपली साक्ष लिहिली आणि त्यात लहानपणची ती पायपीट आली. मधे तीसहून जास्त वर्षं गेली होती. तरी दुष्काळात रानात अकरा दिवस पाणी, झाडाची पानं आणि मूठभर रानखजुरांवर काढले, हे त्यांना अकरा या आकड्यासकट आठवत होतं. भूक मोजलेली असते, ती विसरत नाही.

दुसरं उदाहरण एका भटजींचं. कोकणातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे. घरात कर्ज झालं म्हणून १८५७ मध्ये मथुरेच्या यज्ञाची दक्षिणा मिळवायला निघाले आणि नेमके बंडाळीत सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहराच्या आत होते. वाटेत लुटले गेले, कमावलेलं गेलं. घरी पोचले ते गंगेचं पाणी घेऊन. हे त्यांनी लिहिलं पंचवीसेक वर्षांनी, चिंतामणराव वैद्यांनी आग्रह केला म्हणून. 'माझा प्रवास' छापून आलं १९०७ मध्ये, गोडसे भटजी गेल्यावर. अभ्यासक सांगतात की त्यात काही तारखा आणि ऐकीव गोष्टी चुकल्या आहेत. पण जे डोळ्यांनी पाहिलं, झाशीच्या गल्लीतली भीती, पाण्याचे हाल, त्यासाठी आजही लोक हेच पुस्तक उघडतात.

आता यातून आपल्याला काय कळतं, बघा. उशिरा लिहिताना तारीख, अंतर, गावांचा क्रम डगमगतो. अंगावर आलेलं टिकतं. भूक, थंडी, पाय सुजले ते, कुणी भाकर दिली ते. म्हणून तारखेपाशी अडून बसू नका. "नातू व्हायच्या आधीचं वर्ष", "वैनगंगेला मोठा पूर आला त्याच्या पुढचं" असं लिहिलं तरी पुढे कोणीतरी वर्ष काढतं. जे दुसऱ्यानं सांगितलं, तिथे "असं ऐकलं" एवढे दोन शब्द घाला. आणि आठवत नाही तिथे जागा कोरी सोडा. गोष्ट छान व्हावी म्हणून भर घालू नका, कारण एक खोटं सापडलं की बाकीच्या खऱ्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

सुरुवात पैशापासून करा, हा आमचा अनुभवाचा सल्ला. वरठीच्या स्टेशनवर गाडीत बसलो तेव्हा पदराला किती बांधले होते, कुणाकडून उसने घेतले, परतताना किती उरले. गटातल्या बाईला पैसा आठवतो आणि पैशामागून सगळा रस्ता आठवत येतो. मुंबईच्या सरस प्रदर्शनात लाखोळीची डाळ नाही तर पापड विकायला गेलेल्यांनीही असंच करावं, तोही प्रवासच आहे.

जिला लिहिता येत नाही तिनं बोलावं आणि गटातल्या शिकलेल्या पोरीनं लिहून घ्यावं, पण तिच्याच बोलीत. "जाऊन रायलो होतो" असं म्हटलं तर ते "जात होतो" करू नये. एकीचं ऐकून दुसरी म्हणेल, "तसं नाही, त्या रात्री आपण फलाटावर झोपलो." दोघींचंही लिहा, भांडण मिटवत बसू नका.

आणि ज्या पुन्हा निघणार आहेत त्यांच्यासाठी. सोनौलीवरून नेपाळात जायला आपल्याला पासपोर्ट लागत नाही, निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र चालतं. नुसतं आधार घेऊन निघू नका. ज्यांच्याकडे जुना पासपोर्ट आहे त्यांनी तारीख बघावी, मोठ्या माणसाचा तो दहा वर्षांचा असतो. मुदत संपली असली तरी फेकू नये, नवा काढताना जुना मागतात. पिशवीत चाळीस पानी वही आणि दोन पेन टाका. मागच्या फेरीचं निघायच्या आधी लिहून काढा, कारण नवी लुंबिनी बघितली की जुनी तिच्यात मिसळून जाते आणि मग वेगळी काढता येत नाही.