हवामान केंद्राच्या नोंदी : वार्षिक बेरजेवर जाऊ नका

"पाऊस सरासरीइतका झाला, मग ज्वारी का गेली?" हा प्रश्न सोलापूर भागात शिवारफेरीच्या वेळी हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर हवामान केंद्राच्या नोंदवहीत असते. मात्र ते वार्षिक बेरजेत न शोधता महिन्याच्या रकान्यात शोधावे.

नोंद कशी होते?
केंद्रावर रोज सकाळी ८.३० वाजता पर्जन्यमापकातील पाणी मोजतात व मागील २४ तासांचा पाऊस त्या तारखेस लिहितात. २.५ मि.मी. किंवा त्याहून अधिक पाऊस पडला तरच तो पावसाळी दिवस धरतात. १ मि.मी. पाऊस म्हणजे हेक्टरी १०,००० लिटर पाणी. म्हणजेच २५ मि.मी. पावसाने एकरी सुमारे एक लाख लिटर पाणी पडते.

बेरीज सारखी, पीक वेगळे
सोलापूर हा अवर्षणप्रवण भाग. येथे वर्षाला सरासरी ७०० मि.मी.च्या आसपास पाऊस पडतो. सर्वाधिक पाऊस सप्टेंबरमध्ये असतो आणि मध्ये जुलै-ऑगस्टमध्ये बऱ्याचदा उघडीप पडते. समजा, दोन वर्षी ७०० मि.मी.च पाऊस झाला. पहिल्या वर्षी सप्टेंबरमध्ये दहा पावसाळी दिवसांत १८० मि.मी. पडला. दुसऱ्या वर्षी सप्टेंबरमध्ये जेमतेम ४० मि.मी. पडला व उरलेला आधीच येऊन गेला. रब्बी ज्वारी जमिनीत साठलेल्या ओलीवर येते. त्यामुळे पहिल्या वर्षी पीक साधते, दुसऱ्या वर्षी कणसे भरत नाहीत. एकाच रात्री पडलेला मोठा पाऊसही बेरीज फुगवतो, पण बरेचसे पाणी वाहून जाते. म्हणून पावसासोबत पावसाळी दिवसही पाहावेत.

नोंदींचा उपयोग
१) जवळच्या केंद्राचे ३० वर्षांचे सप्टेंबरचे आकडे मिळवावेत. १०० मि.मी.हून अधिक पाऊस किती वर्षी झाला ते मोजावे. ३० पैकी २१ वर्षी झाला असल्यास दहा वर्षांतून साधारण सात वर्षे तेवढ्या पावसाची आशा धरता येते. उरलेल्या तीन वर्षांची तयारी मात्र ठेवावी.
२) रब्बीच्या रानात पावसाळ्यातच वाफे पाडून पाणी जागेवर मुरवावे.
३) रब्बी ज्वारीची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात, ओल पाहून व वापसा येताच करावी.

आपली नोंद आपणच ठेवा
केंद्रावर पाऊस झाला म्हणजे आपल्या शिवारात झालाच असे नाही. साधा पर्जन्यमापक मोकळ्या जागी, तोंड सपाट राहील असा बसवावा. झाड किंवा भिंत तिच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर असावी. रोज ठरलेल्या वेळी आकडा वहीत लिहावा व शेजारी पेरणीची तारीख आणि उत्पादन नोंदवावे. पाच-सहा वर्षांत ही वही आपल्याच शेताचे हिशेब सांगू लागेल.