उकिरड्याची माती आणि कचरा डेपोची माती

मित्रांनो, आणि भिंतीपाशी थांबून वाचणाऱ्या आई-बाबांनो,

आपल्या असोद्याची वांगी भरितासाठी नावाजलेली. ज्या काळ्या मातीत ती पिकतात तिला पिढ्यान्‌पिढ्या उकिरड्याचं खत मिळालं आहे. शेण, गोठ्यातला पालापाचोळा, चुलीची राख, भाजीची देठं, सगळं उकिरड्यात पडायचं. उन्हाळ्यात ते गाडीने शेतात जायचं.

मग वर्गात प्रश्न निघाला. शहराचा कचरा डेपो म्हणजे मोठा उकिरडाच की! तिथली माती परसबागेत टाकली तर? प्रश्न चांगला आहे. पण परसबागेतली मेथी-पालक दुपारच्या खिचडीत पडते, म्हणून उत्तर नीट समजून घेऊ.

आधी ती माती निघते कशी ते पाहा. धुळ्याहून आग्रा रोडने वर गेलं की इंदूर लागतं. तिथे देवगुराडियाजवळ सुमारे १०० एकरांवर साचलेला जवळजवळ १३ लाख टन जुना कचरा २०१८ साली उकरून वेगळा केला. असा कचरा आधी उकरून त्याचे लांब वरंबे घालतात. त्यावर जिवाणूंचं पाणी शिंपडतात आणि वरंबे वरखाली करत राहतात. आत कचरा तापतो, वाळतो, हलका होतो. मग तो गोल फिरणाऱ्या मोठ्या चाळणीतून काढतात. आपण गहू चाळतो तसंच, फक्त चाळणी पिंपासारखी आडवी. प्लॅस्टिक आणि चिंध्या सिमेंटच्या भट्टीत जळणाला जातात, दगड-विटा खड्डे भरायला. खाली उरते बारीक काळसर माती.

दिसायला ती अगदी खतासारखी. पण गावच्या उकिरड्यात बॅटऱ्या नव्हत्या, ट्यूबलाइट नव्हत्या, रंगाचे डबे नव्हते. डेपोत ते सगळं असतं. त्यातलं शिसं, कॅडमियम, पारा मातीत उतरतो. चाळणीला काच अडते, शिसं अडत नाही. सरकारच्या १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात शहरी कचऱ्याच्या खतासाठी मर्यादा दिली आहे : एका किलोत शिसं १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, कॅडमियम ५ पेक्षा नको. १०० मिलिग्रॅम म्हणजे मिठाच्या चिमटीपेक्षाही कमी!

कोणी म्हणेल, मेथी पेरून बघू, उगवली तर माती चांगली. इथेच फसगत होते. मातीत खार जास्त असेल तर रोप करपतं, ते दिसतं. शिसं असलं तरी रोप हिरवंगार वाढू शकतं. पालेभाज्या कॅडमियम पानांत ओढून घेतात, शिवाय पानांना मातीची धूळ चिकटते ती वेगळीच. लहान मुलांच्या मेंदूला शिशाचा त्रास मोठ्यांपेक्षा जास्त होतो. म्हणून प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय ती माती खाण्याच्या भाजीला नको. खड्डे बुजवायला, रस्त्याकडेच्या झाडांना, बागेतल्या फुलांना मात्र ती उपयोगी पडते. फुकट जाऊ द्यायचीही गरज नाही.

आपल्या परसबागेसाठी सोपी वाट आहे. पुसदचे ना. दे. पांढरीपांडे यांनी खताचं विटांचं टाकं शोधलं. त्यांच्या नावाच्या अक्षरांवरूनच ‘नाडेप’ हे नाव पडलं. लांबी १० फूट, रुंदी ६, उंची ३, आणि हवा खेळावी म्हणून भिंतीत भोकं. काडीकचरा, शेणकाला आणि माती यांचे थर द्यायचे, वरून लिंपायचं. तीन-चार महिन्यांत खत तयार. त्यात काय पडलं हे आपल्याला माहीत असतं, हाच मोठा फायदा.

एवढंच सांभाळायचं की त्यात घड्याळाचा सेल, फुटका बल्ब किंवा रंगाचा डबा जाता कामा नये. घरचे संपलेले सेल वेगळ्या डब्यात साठवा. चुलीत तर मुळीच टाकू नका, ते फुटतात.