परीक्षेत माउस कोणाच्या हातात?

नोकरीच्या जाहिरातीत हल्ली एक ओळ हमखास दिसते : संगणक प्रमाणपत्र आवश्यक. सुरतमधल्या आपल्या मराठी घरांत या ओळीचे दोन अर्थ होतात. गुजरात सरकारच्या नोकरीत ‘सीसीसी’ विचारतात. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे अर्ज करायचा तर ‘एमएस-सीआयटी’. त्यामुळे संगणक वर्गांच्या पाट्यांना आपल्याकडे तोटा नाही. त्यांतल्या एखाद्या ठिकाणी तोंडी हमीही मिळते, “ताई, तुम्ही फक्त येऊन बसा, पास करायचं आमच्याकडे लागलं.”

ही हमी ऐकायला गोड वाटते, पण तिची किंमत शेवटी ताईंनाच मोजावी लागते. कामावर रुजू झाल्यावर साहेब एक्सेलमध्ये पगाराचा तक्ता मागतात, तेव्हा माउस हातात घ्यायला वर्गातले सर येत नाहीत. बँकेच्या नावाने फोन करून कोणी ओटीपी मागितला, तर भिंतीवरचे प्रमाणपत्र उपयोगी पडत नाही. शिवाय दोन-तीन महिने घरकाम सांभाळून प्रामाणिकपणे शिकलेल्या शेजारणीच्या प्रमाणपत्रावरचाही विश्वास उडतो, तो वेगळाच.

म्हणून अशा परीक्षांना काही नियम असावे लागतात. पहिला नियम म्हणजे शिकवणारा आणि तपासणारा वेगळा हवा. २००१ मध्ये एमएस-सीआयटी सुरू झाली तेव्हा शिक्षण एमकेसीएलच्या अधिकृत केंद्रांत आणि प्रमाणपत्र महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाचे, अशी विभागणी केली गेली. आपला विद्यार्थी पास व्हावा असे प्रत्येक शिक्षकाला वाटणारच. निकाल त्याच्या हाती नसलेला बरा.

दुसरा नियम, जे मोजायचे तेच मोजावे. ‘कॉपीसाठी कोणती बटणे दाबाल?’ याचे उत्तर पाठ करता येते. पत्र टाइप करून, सेव्ह करून, मेलने पाठवणे पाठ करता येत नाही. युरोपीय संघाने २०१३ मध्ये मांडलेल्या ‘डिजकॉम्प’ आराखड्यात माहिती शोधणे व पारखणे, संवाद, आशयनिर्मिती, सुरक्षितता आणि अडचणी सोडवणे अशी पाच क्षेत्रे आहेत. आपल्याकडच्या बऱ्याच परीक्षार्थींना यातली सुरक्षितता सर्वांत जास्त लागते.

तिसरा नियम समान संधीचा. परीक्षा संगणकाची असेल तर अवघड इंग्रजीमुळे कोणी नापास होऊ नये. दिव्यांग परीक्षार्थींना लागणाऱ्या सोयी हा उपकार नव्हे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने त्यांचा तो अधिकार मानला आहे.

चौथा नियम माहितीच्या जपणुकीचा. अर्जासोबत आपण आधार, फोटो, मोबाइल नंबर देतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे सूत्र साधे आहे : कारण सांगून, संमती घेऊन, लागेल तेवढीच माहिती घ्यावी. परीक्षेसाठी दिलेला नंबर कर्जाच्या जाहिरातींसाठी वापरणे त्यात बसत नाही.

पास होणाऱ्यांची संख्या म्हणजे दर्जा नव्हे, हेही लक्षात ठेवावे. ग्रामीण भागासाठीची ‘पीएमजीदिशा’ योजना ३१ मार्च २०२४ रोजी संपली. सरकारी आकड्यांनुसार तीत सुमारे ६.३९ कोटी लोकांना प्रशिक्षण मिळाले आणि ४.७८ कोटींना प्रमाणपत्र. शिकलेले आणि प्रमाणित झालेले यांची गणती वेगळी ठेवली, हे योग्यच झाले.

तेव्हा फी भरण्याआधी वर्गात चार प्रश्न जरूर विचारा. प्रमाणपत्र कोणाचे? परीक्षा कोण घेणार? प्रत्यक्ष सराव किती तास? आमच्या कागदपत्रांचे पुढे काय होणार? सरळ उत्तरे मिळाली तर बेलाशक नाव नोंदवा. ‘त्याची काळजी नको’ एवढेच ऐकू आले, तर मात्र पैसे पाकिटातच राहू द्या आणि पुढची पाटी शोधा.