कॉफी दळायची कशात?

आपल्या मराठी घरात चहा हा घरचा आणि कॉफी ही पाहुणी. उपवासाला, कोणी आजारी असलं तर, नाहीतर रात्री गप्पा रंगल्या की जायफळ किसून, दूध-साखर सढळ हातानं घालून केलेली कॉफी. त्याला बरणीतली झटपट विरघळणारी पावडर पुरते, दळायचा प्रश्नच येत नाही. आमच्या पिंपरी-चिंचवडचं मात्र पहिल्यापासून जरा वेगळं आहे. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, पुढे टेल्को, बजाज अशा कंपन्या आल्या आणि त्यांच्यामागोमाग तमिळ, मल्याळी, कानडी कुटुंबं इथं येऊन राहिली. एका जिन्यात एका घरी फोडणीचे पोहे आणि समोरच्या घरी डिकॉक्शन, हे आम्हाला नवीन नाही. आता चाकणपर्यंत कारखाने पोचलेत, तिथंही तेच.

आमच्या शेजारच्या तमिळ आजींना सगळी सोसायटी ‘मामी’ म्हणते. त्यांच्या हातची कॉफी पिऊन पिऊन आमच्या मजल्यावरच्या निम्म्या घरांत पितळी नाहीतर स्टीलचे फिल्टर आलेत. हल्ली तर आपल्या लेकी-सुनाही कूर्ग नाहीतर चिकमगळूर फिरून येतात आणि पिशवी भरून भाजलेल्या बिया घेऊन येतात. मग घरात प्रश्न उभा राहतो, ‘आई, हे दळायचं कशात?’ गेल्या काही महिन्यांत मलाच तिघींनी विचारलं. म्हटलं, एकदा सविस्तर लिहूनच टाकावं.

आधी एक शंका. एवढा खटाटोप हवाच कशाला, दळलेली पावडर मिळतेच की! मिळते ना. पण मसाल्याचं आपण काय म्हणतो? ताजा कुटलेला आणि सहा महिने डब्यात पडलेला, यात फरक असतोच. कॉफीचा सगळा जीव तिच्या वासात आणि वास असतो दाण्याच्या पोटात. दाणा अख्खा असेतोवर तो आत राहतो. दळला की हजार तुकडे, हजार उघड्या बाजू. चार-आठ दिवसांत निम्मी मजा हवेत जाते. भाजलेल्या बिया मात्र घट्ट झाकणाच्या डब्यात तीन-चार आठवडे छान राहतात.

दुसरं कारण पैशाचं. दुकानातल्या पाकिटावर बारीक अक्षरात चिकोरीचं प्रमाण छापलेलं असतं, कधी वाचलंय का? चिकोरी म्हणजे एका झाडाचं भाजलेलं मूळ. कॉफीपेक्षा पुष्कळ स्वस्त. आपल्याकडचा नियम असा की कॉफी-चिकोरीच्या मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी हवी. म्हणजे ४९ टक्क्यांपर्यंत मूळ चालतं! चिकोरी वाईट नाही. तिनं रंग येतो, दाटपणा येतो, मामीही थोडी घालतातच. पण किती घालायची ते आपण ठरवावं ना. २०२४ पासून जगभर कॉफीचे भाव चढले, तेव्हापासून तर हे जास्तच बघायला हवं. अख्ख्या दाण्यात भेसळ करणं अवघड. जे घेतलं ते डोळ्यांना दिसतं.

तर आता यंत्राकडे वळू. दुकानात गेलात की विक्रेता आधी वॅट सांगेल, मग रंग दाखवेल, मग सवलत. तुम्ही एकच विचारा, ‘यात पातं आहे की चक्की?’ यंत्राची सगळी जात त्या एका उत्तरात आहे. आपल्या आज्यांना हे कोणी शिकवायची गरजच नव्हती. त्यांच्या घरात खलबत्ताही होता आणि जातंही. खलबत्त्यात जिन्नस ठेचला जातो. वरचे तुकडे तसेच राहतात आणि खालचं पीठ होतं. जात्यात प्रत्येक दाण्याला दोन दगडांच्या फटीतूनच जावं लागतं. फट जेवढी, तेवढाच कण बाहेर. म्हणून डाळ भरडायची तर वरची तळी जरा उचलून धरायची आणि पीठ हवं तर खाली बसवायची.

विजेवरच्या कॉफी ग्राइंडरचंही अगदी असंच. पातंवाल्यात मिक्सरसारखं पातं गरगर फिरतं आणि सापडेल त्याला मारत सुटतं. काही दाण्यांचं पीठ, काहींचे तुकडे. चक्कीवाल्यात पोलादाची नाहीतर सिरॅमिकची दोन दातेरी चाकं असतात आणि त्यांच्यातली फट बाहेरच्या कड्यानं कमी-जास्त करता येते. म्हणजे जातंच हो, फक्त खुंटा धरायला आपण नाही. वर बिया ओता, खाली एकसारखी पूड.

एकसारखी असली म्हणजे काय होतं? पिठासारखी पूड पाणी लागताच सगळं सोडून देते, अगदी कडवटपणासुद्धा. जाड तुकडा मात्र आतून कोरडाच राहतो. एकाच कपात हे दोन्ही आले की कॉफी एकीकडे कडू लागते आणि दुसरीकडे पाणचट. साखर वाढवून ते झाकतं, जात नाही.

मग चक्कीवालाच घ्यायचा का? थांबा जरा. पातंवाला साधारण हजार-दोन हजारांत येतो. विजेवरचा चक्कीवाला त्याच्या दुप्पट-तिप्पट आणि पुढे किंमत कुठपर्यंत जाते ते विचारूच नका. एस्प्रेसोच्या यंत्रासाठी म्हणून जे महागडे मिळतात, त्यांच्या वाटेला घरगुती फिल्टर कॉफीसाठी जायची काही गरज नाही. माझं मत विचाराल तर, घरात दोघंच पिणारे असतील, तेही एकवेळ, तर पातंवाला पुरे. चारजण दोनवेळा पीत असतील आणि कॉफीचं खरंच वेड असेल तर पैसे साठवून चक्कीवाला घ्या, मधलं काही घेऊ नका. आणि मनगटं धड असतील तर हातानं फिरवायची छोटी चक्कीही मिळते. पातंवाल्याच्याच किमतीत त्याच्यापेक्षा सारखं दळते आणि लाइट गेली तरी अडत नाही.

मनगटाचं मुद्दाम म्हटलं, कारण आमच्या मामींचं नेमकं तिथंच अडलं. लग्नात आणलेली लोखंडी हातचक्की त्यांच्या ओट्याच्या कडेला स्क्रूनं आवळलेली असायची. चाळीसेक वर्षं पहाटे तिचा कर्रकर्र आवाज आला की आमच्या मजल्याला जाग यायची. मग सांधे धरले, मूठ वळेना. अमेरिकेतल्या मुलानं प्रेमानं विजेवरचा ग्राइंडर पाठवला. पिनेला ॲडॅप्टर लावून मामींनी बटण दाबलं, आवाज भलताच चढला, जळका वास आला आणि खेळ खलास! तिकडची वीज ११०-१२० व्होल्टची, आपली २३०. नुसता ॲडॅप्टर पिनेचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. परदेशातून कोणी वस्तू पाठवत असेल तर तिच्या तळावरचा आकडा आधी वाचा. २२०-२४० लिहिलं असेल तरच लावा.

त्यानंतर तीन-चार महिने मामी बरणीतली झटपट कॉफी प्यायल्या. तक्रार एका शब्दानं नाही. पण दुपारी चारला आम्हाला हाक मारायच्या, तीही बंद झाली. ‘तुम्हाला काय देऊ, मजा नाही त्यात,’ म्हणायच्या. यजमान गेल्यावर त्यांचा दिवस त्या चारच्या कॉफीभोवतीच बांधलेला होता, हे आम्हाला तेव्हा कळलं. मुलाला त्यांनी ग्राइंडर जळाल्याचं सांगितलंच नाही. शेवटी आम्ही दोघीजणी त्यांना घेऊन पिंपरी कॅम्पात गेलो.

तिथं मामींनी जी उलटतपासणी घेतली ती ऐकण्यासारखी होती. पहिला प्रश्न, भांडं निघतं का? स्वस्त पातंवाल्यांत पुष्कळदा वाटी मोटरीला कायमची जोडलेली असते. ती धुता येत नाही, नुसती पुसायची. वाटी सुटी निघणारा घ्यावा. दुसरा, झाकण दाबल्याशिवाय चालू होतो का? झाला तर घ्यायचाच नाही, घरात नातवंडं येतात. तिसरा, सलग किती वेळ चालवायचा? हे माहितीपत्रकात असतं, बहुतेक लहान यंत्रांना अर्धा-एक मिनिटच. त्यावर चालवलं तर मोटर तापते आणि कॉफीही तापून वास सोडते. पिन दोनच काट्यांची असेल तर तळावर चौकोनात चौकोन अशी खूण शोधा, ती दुहेरी आवरणाची खूण. नसेल तर तीन काट्यांची पिन आणि घरात अर्थिंग हवंच.

शेवटचा प्रश्न, बिघडलं तर नीट कोण करणार? मला विचाराल तर हाच सगळ्यात मोठा. आपल्या देशी मिक्सरची गोष्टही इथूनच सुरू झाली. मुंबईला सीमेन्समध्ये काम करणारे इंजिनिअर सत्यप्रकाश माथुर, त्यांच्या पत्नी माधुरी माथुर यांचा ब्राउन कंपनीचा जर्मन मिक्सर बंद पडला आणि तो इथं दुरुस्त होईना. त्यातून १९६३ मध्ये ‘सुमीत’ मिक्सर जन्माला आला, आपल्या चटण्या-मसाल्यांना पुरून उरेल असा. आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात मोटर वाइंडिंगवाले गल्लोगल्ली आहेत. कार्बन ब्रश झिजला तर थोड्या पैशांत बदलून देतात. पण यंत्र सगळीकडून चिकटवून बंद केलेलं असेल तर तोही बिचारा हात टेकतो. तळाला स्क्रू दिसतात का, एवढं तरी बघून घ्या. छोट्या गावात राहत असाल तर जिथं सुटे भाग मिळतात त्याच कंपनीचं घ्या, चार पैसे जास्त गेले तरी.

‘मिक्सर असताना आणखी एक यंत्र कशाला?’ असं घरातून विचारलं जाणारच. रास्त प्रश्न आहे. मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात कॉफी होते. पण ते भांडं फक्त कॉफीचं हवं. लसणाचा वास भांड्यातून जाईल, झाकणाच्या रबरातून जात नाही! शिवाय बिया पातं बुडेल इतक्या हव्यात, नाहीतर नुसत्या उडतात. तीन-चार सेकंद फिरवा, थांबा, भांडं हलवा, पुन्हा फिरवा. सलग फिरवलंत की तळाला पीठ आणि वर दाणे. पातंवाल्या ग्राइंडरलाही हीच रीत लागू.

विजेच्या बिलाची काळजी नको. २०० वॅटचा ग्राइंडर रोज एक मिनिट चालवला तर एक युनिट जळायला ३०० दिवस लागतात. काळजी करायची ती आवाजाची. ज्या घरात शिफ्टची नोकरी आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. ह्यांची फर्स्ट शिफ्ट असली की पहाटे पाचला कॉफी लागते आणि नाइट असली की सकाळी नऊला माणूस नुकताच झोपलेला असतो. दोन्ही वेळेला ग्राइंडर लावायची सोय नाही. मी रात्री जेवणं उरकली की दुसऱ्या दिवसापुरतं दळून घट्ट डब्यात भरते. एका रात्रीनं काही बिघडत नाही. खाली जाडसर नॅपकिन ठेवला की ओटा थरथरत नाही, तेवढाच आवाज कमी.

थंडीत, हवा कोरडी असली की पूड भांड्याला, चमच्याला, बोटांना चिकटते, उडते. दळण्याआधी बियांवर पाण्याचा एखादा थेंब टाकून हलवून घ्यायचं. ही कॉफीवाल्यांची जुनी युक्ती. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठातल्या संशोधकांनी तपासून सांगितलं की त्या थेंबानं दळताना तयार होणारी स्थिर वीज कमी होते. थेंब म्हणजे थेंबच हं, शिंपडायचं नाही.

दळण बरोबर झालं की नाही ते फिल्टर सांगतो. पूड बारीक मिठासारखी हवी, चिमटीत कणी लागली पाहिजे. वरच्या भांड्यात तीन भरगच्च चमचे घालून चकतीनं हलकेच दाबायचं आणि उकळी बसलेलं गरम पाणी ओतायचं. पाच मिनिटांत सगळं खाली उतरलं तर पूड जाड झाली. अर्ध्या तासानं डोकावलं आणि पाणी वरच तरंगत असलं तर फार बारीक झाली. पंधरा-वीस मिनिटांत काळंभोर डिकॉक्शन थेंब थेंब उतरलं की तुमचं जमलं. चक्कीवाला असेल तर तो आकडा कड्यावर खुणेनं लक्षात ठेवा. पातंवाला असेल तर किती वेळा बटण दाबलं ते मोजा. चिकोरी मात्र कधी यंत्रात घालू नका. ती ओल धरते आणि आत चिकटून बसते. ती वरून मिसळायची.

मामींनी शेवटी चक्कीवालाच घेतला, छोटा, आपल्या पेन्शनीतून. आम्ही किंमत ऐकून एकमेकींकडे बघितलं, त्यांनी बघितलं नाही. हातचक्की तशीच ओट्याला आहे, तिच्यात आता मिरी भरडतात.

राहिली सफाई. आधी पिन काढायची, मग हात घालायचा, याला अपवाद नाही. कॉफीच्या बिया तेलकट असतात, ते तेल आत साचून खवट होतं आणि नव्या कॉफीला जुना वास लागतो. पातंवाल्यात मूठभर कोरडे तांदूळ फिरवून टाकून द्यायचे आणि वाटी कोरड्या फडक्यानं पुसायची. चक्कीवाल्यात तांदूळ घालायचे नाहीत, चाकांचे दात बिघडू शकतात. त्याचं वरचं चाक काढून जुन्या टूथब्रशनं झटकायचं, आठवड्यातून एकदा. पाणी दोन्हींच्या मोटरीला लावायचं नाही.